दुसऱ्यासाठी वाढविलेले पिल्लू

आपल्या भागात घरी कुत्रे ठेवण्याची कारणे ठरलेली आहेत. मळ्यावर राखणीला, मेंढरांच्या कळपामागे, नाहीतर रात्री दारापाशी भुंकायला. पोरांनी हट्ट करून पिशवीत घालून आणलेले पिल्लूही चार-सहा महिन्यांत यातल्याच एखाद्या कामाला लागते. त्याला मुद्दाम कोणी काही शिकवीत नाही. उरलेली भाकरी, अंगणातली सावली आणि अधूनमधून एखादा दगड, एवढ्यावर ते मोठे होते.

पण जगात अशीही कुटुंबे आहेत, जी कुत्र्याचे पिल्लू घरी आणतात ते स्वतःसाठी नव्हे. आणतानाच त्यांना ठाऊक असते, की वर्ष-सव्वा वर्षाने हे आपल्याला परत द्यायचे आहे. मोठेपणी ते एखाद्या अंध माणसाला भर रहदारीतून सुखरूप नेणार आहे. इंग्रजीत त्याला गाईड डॉग म्हणतात. आपण त्याला वाटाड्या कुत्रा म्हणू.

वाचक म्हणतील, हातकणंगल्याच्या एस. टी. स्टँडवर किंवा इचलकरंजीच्या बाजारात असा कुत्रा आम्ही कधी पाहिला नाही. मग ही लांबची गोष्ट आम्हाला कशाला? बंधू-भगिनींनो, त्याला कारण आहे. कुत्रा अंधाला वाट दाखवितो, हे अर्धेच खरे आहे. त्या कुत्र्याला आधी एक घर घडविते आणि पुढे त्याच्यासाठी समाज वाट मोकळी करतो. या दोन्ही गोष्टी माणसांनी करायच्या आहेत, आणि त्यांत आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांना कुत्र्याचे कौतुक खुपते, हेही मला माहीत आहे. ते समजण्यासारखे आहे. ज्या तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी पिता येत होते, तेथे आपल्या आज्या-पणज्यांना ओंजळभर पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले ते त्यासाठीच. पण परमपूज्य बाबासाहेबांनी तो राग मुक्या जनावरावर काढला नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहावर काढलेला एक कौटुंबिक फोटो अनेकांनी पाहिला असेल. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत आणि त्यांच्यासोबत त्यांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. दोष तळ्यावर पाणी पिणाऱ्या कुत्र्याचा नव्हता. दोष माणसाला अडविणाऱ्या माणसाचा होता. हा फरक ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

वाटाड्या कुत्र्याची कल्पना युद्धातून आली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि तोफगोळ्यांनी हजारो जवान सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी जर्मनीत ओल्डनबर्ग या गावी १९१६ साली कुत्र्यांना शिकविणारी पहिली शाळा निघाली. पुढे डोरोथी युस्टिस नावाच्या अमेरिकन बाईंनी जर्मनीतले हे काम पाहिले आणि १९२७ साली अमेरिकेतील एका साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. नॅशव्हिल गावच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो लेख घरच्यांनी वाचून दाखविला. त्याने बाईंना पत्र पाठविले. १९२८ साली तो त्यांच्याकडे स्वित्झर्लंडला गेला आणि ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कला बोटीतून उतरल्यावर त्याने बातमीदारांच्या देखत, वाहनांनी भरलेला रुंद रस्ता बडीच्या सोबतीने ओलांडून दाखविला. जानेवारी १९२९ मध्ये ‘सीइंग आय’ ही अमेरिकेतली पहिली संस्था उभी राहिली. १९३१ साली इंग्लंडमध्ये फ्लॅश, ज्युडी, मेटा आणि फॉली या चार कुत्र्यांनिशी असेच काम सुरू झाले. साप्ताहिकातला एक लेख, तो वाचून दाखविणारे घर आणि पत्र लिहिण्याची जिद्द, एवढ्यातून केवढे काम उभे राहिले पहा!

सुरुवातीला या संस्था वाढलेली कुत्री आणून त्यांना शिकवीत. त्यातली फार थोडी कामाला येत. मग संस्थेच्या आवारातच पिल्ले जन्माला घालून वाढवून पाहिली. खाणे चांगले, औषधपाणी चांगले, तरीही पुष्कळ पिल्ले ऐन शिक्षणात नापास होत. कॅलिफोर्नियातील संस्थेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर या गृहस्थांनी १९४६ पासून याचा छडा लावायला घेतला. त्यांना आढळले ते असे. बारा आठवड्यांची झालेली, परीक्षेत सारखीच हुशार ठरलेली पिल्ले होती. त्यातली जी लगेच कुटुंबात गेली, ती बहुतेक पुढे वाटाडी झाली. जी तीन आठवड्यांहून जास्त काळ खुराड्यातच राहिली, त्यांच्यातली बरीचशी पुढे ढेपाळली. माणसाच्या जगात जबाबदारीने निर्णय घेणे त्यांना जमेना.

वंश तोच, आई तीच, हुशारीही तीच. फरक पडला तो योग्य वयात मिळालेल्या घराचा आणि संधीचा. जन्मावरून लायकी ठरविणाऱ्यांच्या देशात हा निष्कर्ष आपण तरी लक्षात ठेवला पाहिजे.

म्हणून पिल्ले कुटुंबांत वाढविण्याची पद्धत आली. अमेरिकेत ‘सीइंग आय’ने १९४२ साली न्यू जर्सीतल्या शेतकरी कुटुंबांतल्या मुलामुलींवर हे काम सोपविले. इंग्लंडमध्ये १९५६ पासून स्वयंसेवक घरांची रीतसर योजना सुरू झाली. ही घरे काही श्रीमंतांची नव्हेत. शिक्षक, कारकून, निवृत्त माणसे, शेतकरी अशी साधी माणसे त्यात असतात.

आता हे वर्ष जाते कसे ते पाहू. ते नीट कळावे म्हणून क्षणभर असे धरू, की एक पिल्लू आपल्याच गल्लीत, विहाराशेजारच्या दोन खोल्यांच्या घरात आले आहे.

ते साधारण सात-आठ आठवड्यांचे असते. बहुधा लॅब्रेडॉर किंवा गोल्डन रिट्रिव्हर जातीचे, नाहीतर या दोहोंच्या संकराचे. ही कुत्री मुळात माणसाळू, खाण्यावर प्रेम असलेली आणि सहसा न चिडणारी. आपल्याकडची मुधोळ किंवा कारवानी कुत्री चपळ आणि देखणी खरी, पण पिढ्यान्‌पिढ्या ती सशामागे धावण्यासाठी जोपासलेली. वाटाड्याला ससा दिसला तरी जागचे हलून चालत नाही. ज्याचे काम त्यालाच द्यावे.

पहिला धडा स्वयंपाकघरातला. आजी प्रेमाने भाकरीचा तुकडा टाकणार, तर तिला हात जोडून थांबवावे लागते. पिल्लाने फक्त आपल्या भांड्यातले, ठरल्या वेळी, सांगितल्यावर खायचे. ताटातले नाही आणि जमिनीवर पडलेले तर मुळीच नाही. यात लाडाचा किंवा तोऱ्याचा प्रश्न नाही. उद्या हाच कुत्रा अंध माणसाला घेऊन भज्यांच्या गाड्यावरून जाणार आहे. खाली पडलेल्या भज्याकडे त्याने झेप घेतली, तर धन्याचा तोल जाईल. शिवाय आपल्या आमटी-कालवणातला कांदा कुत्र्याच्या रक्ताला अपाय करतो, हे घरात कुत्रे असणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

दुसरा धडा परसाकडेचा. ठराविक जागी नेऊन, ठराविक शब्द उच्चारून पिल्लाला सवय लावतात. पुढे तो शब्द ऐकल्यावरच ते मोकळे होते. ज्याला दिसत नाही त्याला ती जागा साफ करायची असते, म्हणून वेळ आणि जागा ठरलेली हवी.

तिसरा धडा संयमाचा. पाहुणा आला की अंगावर उड्या मारायच्या नाहीत. ऊठसूट भुंकायचे नाही. कोंबडी, मांजर, दुसरे कुत्रे दिसले म्हणून ओढ घ्यायची नाही. घरचे जेवत असताना, विहारात वंदना चालू असताना, सतरंजीच्या कडेला तासभर गप्प पडून राहायचे. वाटाड्या कुत्र्याच्या आयुष्यातला पुष्कळ वेळ धन्याच्या खुर्चीखाली निवांत पडून राहण्यात जातो. लोकांना वाटते की कुत्र्याला चालायला शिकविणे अवघड. खरे तर थांबायला शिकविणे जास्त अवघड.

चौथा धडा जगाचा, आणि हाच सर्वांत मोठा. पिल्लाला रोज थोडे थोडे जग दाखवायचे. स्टेशनात शिरणारी मिरजेची गाडी, एस. टी.चा धूर आणि हॉर्न, यंत्रमागांची खडखड, आठवडी बाजारातली गर्दी, दवाखान्याचा गुळगुळीत फरशीचा रस्ता, जिना, छत्री उघडणारा माणूस, काठी टेकत येणारा म्हातारा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा दणका आधी लांबून ऐकवायचा. एकदम ताशाशेजारी नेऊन उभे करायचे नाही. पिल्लू घाबरले तर ओढायचे नाही की रागवायचे नाही. दोन पावले मागे यायचे, धीर द्यायचा, शांत झाले की शाबासकी द्यायची. साधारण तीन-चार महिन्यांच्या वयापर्यंत जे सहज आणि आनंदाने पाहिले, त्याची भीती सहसा पुढे बसत नाही. या वयात बसलेली भीती मात्र काढता काढत नाही.

हे शिकविताना मार नाही. चुकले तर ‘नाही’ म्हणणे आणि जमले तर तोंडभरून कौतुक, एवढीच रीत. याचे कारण पुढच्या शिक्षणात आहे. वर्ष-सव्वा वर्षाने कुत्रा संस्थेत परततो. तेथे त्याच्या पाठीवर मूठ असलेला पट्टा चढतो आणि काही महिने खरे शिक्षण चालते. खड्डा, पायरी, फांदी, उभी केलेली सायकल टाळायची, धन्याच्या उंचीचा अंदाज घेऊन चालायचे, रस्त्याच्या कडेला थांबायचे. कोठे जायचे हे कुत्र्याला माहीत नसते; ते माणसाला माहीत असते. सिग्नलचे लाल-हिरवे रंगही कुत्र्याला आपल्यासारखे ओळखू येत नाहीत. रहदारीचा आवाज ऐकून ‘चल’ म्हणायचे ते माणसाने. पण माणूस चुकला, समोरून गाडी येत असली, तर कुत्रा जागचा हलत नाही. हुकूम मोडतो आणि धन्याचा जीव वाचवितो. चुकीची आज्ञा नाकारणे हे त्याला मुद्दाम शिकविलेले असते.

आता सांगा, काठीच्या धाकात वाढलेले कुत्रे हे करू शकेल काय? ते हुकूम पाळील. पण हुकूम चुकीचा आहे हे दाखवून देण्याचे धैर्य त्याला कोठून येणार? आपल्या मुलाबाळांनाही हेच लागू पडते. ‘ऐकतो’ म्हणून आपण ज्या मुलाचे कौतुक करतो, तो पटल्यामुळे ऐकतो की धाकाने, हे आईबापांनी एकदा तपासून पाहावे. बाबासाहेबांच्या लेकरांना वाकून चालायला शिकविणे आपल्याला परवडणारे नाही.

खर्चाचाही विचार करू, कारण कामगाराच्या घरात तो प्रश्न आधी येतो. इंग्लंडमध्ये पिल्लाचे खाणे, औषधपाणी, डॉक्टर हा खर्च संस्था सोसते. कुटुंब देते तो वेळ आणि जिव्हाळा. कुत्रा तयार व्हायला मोठी रक्कम लागते आणि ती लोकांच्या देणग्यांतून उभी राहते. पण अमेरिकेतल्या ‘सीइंग आय’चा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी अंध व्यक्तीकडून पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर फी ठरविली आणि ती वर्षानुवर्षे तेवढीच ठेवली. खऱ्या खर्चाच्या मानाने ही रक्कम अगदी किरकोळ. मग ती घ्यायची तरी कशाला? तर घेणाऱ्याला भीक घेतल्यासारखे वाटू नये, कुत्रा त्याच्या हक्काचा व्हावा म्हणून. उपकार आणि स्वाभिमान यांतला फरक आपल्या समाजाला वेगळा समजावून सांगायला नको.

मग येतो परत देण्याचा दिवस. वर्षभर ज्याने दाराशी वाट पाहिली, पोरांच्या अंथरुणाशेजारी झोप घेतली, त्याला स्वतःच्या हाताने गाडीत बसवायचे. घरे रडतात. मुले दोन दिवस नीट जेवत नाहीत. अशी घरे चालविणाऱ्यांना एकच प्रश्न नेहमी विचारला जातो: तुम्हाला देववते कसे? ज्याला दिसत नाही त्याला याची आपल्यापेक्षा जास्त गरज आहे, हेच त्याचे उत्तर. आपण दानपारमिता म्हणतो, ती याहून निराळी काय असते? उरलेले, नकोसे झालेले देणे हे दान नव्हे. जे जिवाला लागले आहे ते, योग्य हातात, न कुरकुरता देणे हे दान. आणि बरीच कुटुंबे काही दिवसांनी दुसरे पिल्लू आणतात!

जपानमधल्या ‘क्विल’ नावाच्या लॅब्रेडॉर कुत्र्याची खरी हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. तो जून १९८६ मध्ये जन्मला. क्योटोकडच्या एका दाम्पत्याने त्याला पहिले वर्ष आपल्या घरी वाढविले आणि मग संस्थेला परत दिले. शिकून तो वातानाबे नावाच्या अंध गृहस्थांचा सोबती झाला. हे गृहस्थ आधी कुत्र्याच्या मदतीला फारसे राजी नव्हते. पुढे मात्र दोघांचे पाऊल एक झाले. दुर्दैवाने मूत्रपिंडाच्या आजाराने वातानाबे गेले. त्यानंतर क्विलने लोकांना वाटाड्या कुत्र्याचे काम दाखविण्याचे काम केले. म्हातारपणी ज्या घरात तो पिल्लू म्हणून वाढला होता, त्याच घरात परतला आणि जुलै १९९८ मध्ये त्याच माणसांच्या सोबतीत त्याने शेवटचा श्वास घेतला. त्याच्यावर पुस्तक निघाले आणि २००४ साली चित्रपटही निघाला. त्या देशात २००२ साली कायदा झाला, की अंध-अपंगांच्या साहाय्यक कुत्र्याला सरकारी कचेरी, आगगाडी, बस, दुकान, हॉटेल यांनी दारातून परत पाठवू नये.

येथून आपण आपल्या गावात येऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात पाहण्याची अडचण असलेली माणसे पन्नास लाखांहून अधिक आहेत. तरीही वाटाड्या कुत्र्याची रीत येथे रुजलेली नाही. ती का रुजली नाही?

कुत्रा शिकविण्याची अक्कल आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या ‘झंजीर’ या लॅब्रेडॉरने १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिले. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. तेव्हा अडचण कुत्र्यात नाही. अडचण आहे ती त्याला चालायला लागणाऱ्या रस्त्यात, लोकांच्या मनात आणि बंद दारांत.

रस्ता पहा. फूटपाथ असलाच तर त्यावर टपरी, मोटारसायकल आणि उघडे गटार. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग आणि त्यावर पोसलेली बेवारस कुत्र्यांची टोळी. अंध माणसाला नेणाऱ्या शांत कुत्र्यावर ती तुटून पडली तर दोघांनी जायचे कोठे? त्यावर दगड हा उपाय नाही. कचरा उचलणे, नसबंदी आणि रेबीजची लस हा उपाय आहे, आणि तो ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे मागण्याचा आपला हक्क आहे.

मन पहा. अंध मूल जन्मले की आजही बायाबापड्या म्हणतात, ‘मागच्या जन्मीचे काहीतरी असेल.’ बौद्धाच्या घरात हे वाक्य उच्चारले जाऊ नये. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते ही समजूत साफ नाकारली आहे. का नाकारली? कारण हीच समजूत सांगून आपल्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवले होते. तुमचे पूर्वजन्मीचे पाप म्हणून तुम्ही अस्पृश्य. ज्याने आपल्याला बाहेर काढले तेच माप आपण अंधाला लावायचे काय? मोतीबिंदू, आईच्या पोटातले आजार, अ जीवनसत्त्वाची उणीव, अपघात ही दृष्टी जाण्याची कारणे आहेत. त्यातली कित्येक टाळता येतात. बौद्ध परंपरेत एक कथा आहे. भिक्खू अनुरुद्धांची दृष्टी गेली होती. चीवर शिवताना त्यांना सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा तथागतांनी स्वतः तो ओवून दिला. पूर्वजन्माची चौकशी केली नाही, दोरा ओवला. आपला धर्म एवढा सरळ आहे.

आणि दार पहा. समजा, उद्या एखादा अंध गृहस्थ शिकलेला कुत्रा घेऊन आपल्या तालुक्यात आला. कंडक्टर म्हणेल, कुत्रे खाली उतरवा. हॉटेलवाला म्हणेल, बाहेर बसा, चहा तेथेच देतो. लॉजवाला म्हणेल, जागा नाही. ‘बाहेर बसा, चहा तेथेच देतो’ हे वाक्य आपण कोठे ऐकले आहे? येथे तुलना कुत्र्याशी नाही, हे नीट समजून घ्या. तुलना आहे ती दारात उभ्या केलेल्या माणसाशी. त्याचे डोळे बाहेर ठेवायला सांगणे म्हणजे त्यालाच बाहेर ठेवणे.

हे दार कसे उघडते, हे या जिल्ह्याइतके कोणाला माहीत असणार? राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला, म्हणजे बाकीच्यांनाही घ्यावा लागला. मार्च १९२० मध्ये आपल्याच तालुक्यातल्या माणगावच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहून त्यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. हुकूमही लागतो आणि तो पाळून दाखविणारा माणूसही लागतो. आज दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. एकवीस प्रकारच्या अपंगत्वांचा त्यात समावेश आहे आणि इमारती, रस्ते, वाहने सर्वांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. विमानात अंध प्रवाशाला शिकविलेला कुत्रा सोबत नेण्याची मुभा आहे. पण विमानातून उतरल्यावर एस. टी. आहे, रिक्षा आहे, चहाचे हॉटेल आहे. तेथे कायद्याआधी आपण भेटणार आहोत.

म्हणून या घरगुती पानावर चार घरगुती गोष्टी सांगतो. पोरांना आजच शिकवा.

पाठीवर मूठ असलेला पट्टा बांधलेला कुत्रा कधी दिसला, तर तो कामावर आहे असे समजा. त्याला हाक मारू नका, गोंजारू नका, बिस्कीट टाकू नका. बोलायचे ते माणसाशी बोला, कुत्र्याशी नव्हे.

हातात पांढरी काठी असलेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा असेल तर त्याचा हात धरून ओढू नका. आधी आपले नाव सांगा, ‘मदत हवी का?’ असे विचारा आणि हो म्हणाला तर त्याला तुमचे कोपर धरू द्या. तुम्ही अर्धे पाऊल पुढे, तो अर्धे पाऊल मागे. वाटाड्या कुत्राही असाच चालतो. निघताना ‘येतो’ असे सांगून निघा. नाहीतर तो रिकाम्या जागेशी बोलत राहतो.

आपल्या दुकानात, पतपेढीत, विहारात पायरीवर चपलांचा ढीग आणि वाटेत सायकल ठेवू नका. ज्याला दिसते त्याला ती अडचण आहे, ज्याला दिसत नाही त्याला ती दुखापत आहे.

आणि घरी पिल्लू आणलेच असेल, तर ते नीट वाढवा. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या. दगड मारू नका, मारू देऊ नका. ज्या पोराने एका मुक्या जिवाला न मारता वाढविले, त्याच्यावर संस्काराचे निराळे वर्ग घ्यावे लागत नाहीत.

आपल्या तालुक्यात वाटाड्या कुत्रा कधी येईल ते संस्था आणि सरकार ठरवतील. पण त्याला जे घर लागते ते दोन खोल्यांचेही चालते, आणि त्याला जो रस्ता लागतो तो आपल्या दारावरूनच जातो. मैत्री आणि करुणा हे शब्द आपण रोज वंदनेत उच्चारतो. ते दुसऱ्याच्या पावलांना उपयोगी पडतील असे घर आधी आपण तयार ठेवू.

जय भीम! नमो बुद्धाय!